दोनास एक: उच्चांकांच्या बातमीत हरवलेल्या थंड रात्री

मागच्या वर्षी एका शाळेत हवामानबदलावर बोलायला गेले होते. एका स्लाइडवर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अमेरिकेत तापमानाचे उच्चांक आणि नीचांक यांचं प्रमाण आता २ : १'. नववीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "म्हणजे तिथली गरमी दुप्पट झाली का?" तास संपत आला होता, मी घाईत होते. "हो, साधारण तसंच," असं म्हणून मोकळी झाले.

ते उत्तर चूक होतं. थोडं इकडेतिकडे नव्हे, चांगलंच चूक. घरी येऊन ज्या शोधनिबंधातून मी तो आकडा उचलला होता तो पुन्हा काढून नीट वाचला, आणि लक्षात आलं की माझी चूक होण्यात त्या निबंधाच्या मांडणीचाही थोडा हात आहे. आज त्या निबंधाबद्दलच लिहायचं आहे. निबंध चांगला आहे, हे आधीच सांगते. पण त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच्याच गाजलेल्या आकड्याखाली झाकली गेली, असं माझं मत आहे. ते मत तुम्हाला पटतं का, हे शेवटी तुम्हीच ठरवा.

निबंध काय म्हणतो

जेराल्ड मील, क्लॉडिया टेबाल्डी, गाय वॉल्टन, डेव्हिड ईस्टरलिंग आणि लॅरी मॅकडॅनियल या पाच जणांचा हा निबंध २००९ साली 'जिओफिजिकल रिसर्च लेटर्स' या नियतकालिकात आला. मील हे कोलोरॅडोतल्या बोल्डर इथल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ. विषय एका ओळीत सांगता येतो. उत्तर अमेरिका खंडाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत पसरलेल्या ४८ राज्यांत, १९५० पासून रोजच्या तापमानाचे किती उच्चांक झाले आणि किती नीचांक, ते मोजायचं.

इथे 'रोजचा उच्चांक' म्हणजे काय, ते नीट समजून घ्या, कारण पुढे सगळं त्यावर उभं आहे. समजा एखाद्या केंद्रावर १५ जानेवारीला आज १८ अंश सेल्सिअस कमाल तापमान नोंदलं गेलं. आजवरच्या सगळ्या १५ जानेवारींपेक्षा ते जास्त असेल, तर तो त्या तारखेचा उच्चांक. म्हणजे प्रत्येक केंद्राला वर्षात ३६५ वेळा उच्चांक करण्याची संधी असते आणि ३६५ वेळा नीचांक करण्याची. उच्चांक कमाल तापमानाचा मोजायचा, म्हणजे बहुतेक वेळा दुपारचा. नीचांक किमान तापमानाचा, म्हणजे बहुतेक वेळा पहाटेचा.

मग या दोन मोजण्यांचा भागाकार करायचा. दशकवार उत्तरं अशी येतात: १९५० च्या दशकात १.०९, साठच्या दशकात ०.७७, सत्तरच्या दशकात ०.७८, ऐंशीच्या दशकात १.१४, नव्वदच्या दशकात १.३६ आणि २००० च्या दशकात २.०४. या शेवटच्या दशकात, सप्टेंबर २००९ पर्यंत, २,९१,२३७ उच्चांक झाले आणि १,४२,४२० नीचांक. हेच ते 'दोनास एक'.

भागाकार का केला, आणि तो चलाख का आहे

उच्चांक नुसते मोजून का चालत नाही? कारण विक्रम हे काळानुसार आपोआप दुर्मीळ होतात. हवामान अजिबात बदलत नाही असं धरू. नोंदी सुरू झाल्या त्या पहिल्या वर्षी प्रत्येक दिवस हा उच्चांकच, कारण तुलनेला दुसरं काहीच नाही. दुसऱ्या वर्षी उच्चांकाची शक्यता निम्मी. तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश. शंभराव्या वर्षी शंभरात एक. शंभर वर्षांत एका तारखेला उच्चांक किती वेळा होईल, याची बेरीज केली तर उत्तर येतं जेमतेम पाच. त्यातले जवळपास तीन पहिल्या दहा वर्षांतच होऊन जातात.

शाळेच्या मैदानावरच्या लांब उडीसारखंच आहे हे. पहिल्या वर्षीच्या स्पर्धेत जिंकणारा मुलगा आपोआप शाळेचा विक्रमवीर. पन्नासाव्या वर्षी तेवढ्याच ताकदीच्या मुलाला विक्रम करणं फार अवघड जातं. मुलं काही कमजोर झालेली नसतात, मागे पन्नास वर्षं उभी असतात एवढंच.

म्हणून १९५० पासून मोजायला लागलं, तर काहीच बदललं नसतं तरी प्रत्येक केंद्रावर १९६० मध्ये वर्षाला सुमारे ३३ उच्चांक झाले असते आणि २००९ मध्ये फक्त सहा. नुसत्या उच्चांकांचा आलेख पाहणाऱ्याला वाटेल, 'अरे वा, उष्णता कमी होतेय की!' पण नीचांकही त्याच नियमानं कमी होतात. दोघांचा भागाकार केला की ती घसरण दोन्हीकडून कटून जाते आणि हवामान स्थिर असेल तर उत्तर एकच्या आसपास राहतं. एकपासून जे अंतर पडेल, तो बदल.

ही कल्पना मला खरंच आवडते. गणित नववीचं आहे, कुणालाही समजावून सांगता येतं आणि त्यासाठी महासंगणक लागत नाही. लेखकांनी दाखवलंय की सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत उच्चांक आणि नीचांक हातात हात घालून कमी होत होते. त्यानंतर मात्र उच्चांक हळू कमी होऊ लागले आणि नीचांक वेगानं. इथपर्यंत माझी काहीच तक्रार नाही.

पण 'दुप्पट' म्हणजे काय दुप्पट?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. साधं गणित करून बघा. काहीच बदललं नसतं तर १०० उच्चांक आणि १०० नीचांक झाले असते असं धरू, आणि सोयीसाठी एकूण बेरीज २०० च राहते असंही धरू. आता २ : १ हे प्रमाण यायला काय व्हावं लागेल? उच्चांक १३३ आणि नीचांक ६७. म्हणजे उच्चांक वाढले एक तृतीयांशानं आणि नीचांक घटले एक तृतीयांशानं. दुप्पट काहीच झालं नाही. पण 'दोनास एक' ऐकल्यावर तुमच्या मनात जे चित्र उभं राहतं ते उष्णतेच्या दुपटीचंच असतं. त्या मुलीच्या मनात उभं राहिलं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

भागाकाराची खोड हीच आहे. वरची संख्या वाढली की उत्तर वाढतं आणि खालची संख्या घटली तरी उत्तर वाढतं. उत्तराकडे पाहून कुठली बाजू हलली ते कळत नाही. या निबंधाच्या बाबतीत तर खालची बाजूच जास्त हलली होती. निबंधाबरोबर प्रसिद्धीसाठी दिलेल्या माहितीतही हे सांगितलं होतं, की दोनास एक हे प्रमाण उच्चांक फार वाढल्यामुळे नव्हे तर मुख्यतः नीचांक कमी झाल्यामुळे आलं आहे, आणि याचा अर्थ तापमानवाढीचा मोठा भाग रात्री घडतो आहे.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. माझ्या मते या निबंधाचा खरा निष्कर्ष हाच आहे. दिवस किती तापले यापेक्षा रात्री पूर्वीसारख्या थंड होत नाहीत, ही बातमी होती. पण आकडा असा निवडला गेला की बातमी झाली ती उच्चांकांची. निबंधाच्या शीर्षकातही पुढे आहे ते उच्चांकांच्या तुलनेनं वाढण्याचं. नीचांक नुसते तुलनेला म्हणून मागे उभे.

हा फरक एवढा महत्त्वाचा का? दोन उदाहरणं देते. एक, उन्हाळ्यातली रात्र. दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री गारवा मिळाला तर ते सावरतं. रात्रही गरम राहिली तर दुसऱ्या दिवशीची झळ आधीच थकलेल्या शरीराला बसते. म्हातारी माणसं आणि हृदयाचे रुग्ण यांना ते जास्त बाधतं. दोन, हिवाळ्यातली रात्र. पश्चिम उत्तर अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलांत सालीखाली राहणारा एक भुंगा आहे. उणे चाळीसच्या आसपासच्या कडाक्याच्या थंडीत त्याच्या अळ्या मरतात. तशा रात्री कमी झाल्या आणि भुंग्यांनी लाखो हेक्टरांवरची झाडं वाळवली. या दोन्ही ठिकाणी दुपारच्या उच्चांकानं काहीच कळत नाही. जे कळतं ते न झालेल्या नीचांकांतून. आणि न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही.

आणखी एक. जानेवारीतला १८ अंशांचा उच्चांक आणि जुलैतला ४५ अंशांचा उच्चांक, दोन्ही या मोजणीत सारखेच, एक-एक. पहिल्या दिवशी लोक स्वेटर काढून बागेत बसतात, दुसऱ्या दिवशी रुग्णवाहिका धावतात. 'उच्चांक वाढले' याचा अर्थ 'उष्णतेच्या लाटा तेवढ्याच वाढल्या' असा होत नाही. लेखकांनी तसं म्हटलेलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण वाचणारा तसंच समजणार हे त्यांना माहीत असायला हवं होतं.

१९५० च का?

दुसरा आक्षेप सुरुवातीच्या वर्षाबद्दल. तुम्ही म्हणाल, कुठून तरी सुरुवात करावी लागणारच. खरं आहे. पुरेशा केंद्रांच्या सलग नोंदी हव्या असतील तर १९५० हे सोयीचं वर्ष आहे. पण अमेरिकेच्या बाबतीत ही सोय महाग पडते, कारण १९५० च्या आधी १९३० चं दशक आहे.

त्या दशकात मधल्या मैदानी प्रदेशात वर्षानुवर्षं दुष्काळ होता. गवताळ जमीन नांगरून गव्हाखाली आणलेली, पाऊस नाही, माती सुकून उडून चाललेली. जमिनीत ओल असली की उन्हाचा बराच भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. ओलच नसेल तर तो सगळा हवा तापवण्यात जातो. त्यामुळे तिथे जे उन्हाळे झाले त्यांचे आकडे आजही टिकून आहेत. नॉर्थ डकोटा राज्याचा आजवरचा उच्चांक ४९.४ अंश सेल्सिअस, ६ जुलै १९३६. गंमत म्हणजे त्याच राज्याचा आजवरचा नीचांकही त्याच वर्षाचा, १५ फेब्रुवारी १९३६, उणे ५१.१. पाच महिन्यांत शंभर अंशांचा फरक! एकाच वर्षाच्या नोंदीत एवढं काही दडलेलं असताना ती वही बंद ठेवून १९५० पासून मोजायचं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यांना शर्यत सोपी करून देणं झालं. लांब उडीचा सगळ्यात दांडगा विक्रमवीर यादीतून वगळला की नंतरच्या मुलांचे विक्रम वाढणारच.

उलट बाजूनंही हाच खेळ खेळला जातो, हेही सांगते. तापमानवाढ मान्यच नसलेली मंडळी नेहमी १९३६ पासून आलेख काढतात आणि म्हणतात, 'बघा, तेव्हा जास्त गरम होतं, मग कसली वाढ?' ते तर सरळसरळ दिशाभूल करणारं आहे. एका खंडाच्या मधल्या भागातले दुष्काळी उन्हाळे म्हणजे पृथ्वीचं तापमान नव्हे, आणि त्याच काळातल्या रात्रींबद्दल ही मंडळी कधी बोलत नाहीत. पण म्हणूनच आपण आपली सुरुवात जास्त काळजीनं निवडली पाहिजे. समोरच्याच्या हातात आयतं कोलीत का द्यायचं?

तापमापक काय म्हणाला आणि कधी म्हणाला

उच्चांक म्हणजे शेवटी एका उपकरणानं एका क्षणी दाखवलेला आकडा. सरासरीत एखादी चूक बाकीच्या नोंदींत विरून जाते. विक्रमात ती विरत नाही, उलट तीच विक्रम होऊन बसते. आपल्याकडचं उदाहरण आठवत असेल. मे २०२४ च्या शेवटच्या दिवसांत दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रानं ५२.९ अंश दाखवले आणि नागपुरात एका स्वयंचलित केंद्रानं चक्क ५६. दोन्ही आकडे सेन्सरच्या दोषाचे होते, मुंगेशपूरचा सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता, असं भारतीय हवामान खात्यानं नंतर तपासून सांगितलं. पण तोवर '५६' गावभर फिरून आलेला होता.

अमेरिकेतला प्रश्न बिघडलेल्या सेन्सरपेक्षा गुंतागुंतीचा आहे. तिथल्या बहुतेक नोंदी स्वयंसेवक घेतात. शेतकरी, शिक्षक, निवृत्त मंडळी दिवसातून एकदा तापमापक वाचून वहीत लिहितात आणि कमाल-किमान दाखवणारी खूण पुन्हा जागेवर आणतात. हे काम दिवसाच्या कुठल्या वेळी होतं त्यावर बरंच अवलंबून असतं. समजा मंगळवारी संध्याकाळी ५ वाजता ३८ अंश होते. स्वयंसेवकानं ३८ लिहिलं, खूण जागेवर आणली. पण हवा अजून ३८ वरच आहे, त्यामुळे खूण लगेच पुन्हा ३८ दाखवते. रात्री पाऊस आला, बुधवारी दिवसभर ३० च्या वर गेलं नाही. तरी बुधवारी संध्याकाळी वहीत कमाल तापमान लिहिलं जाणार ३८. एक गरम दुपार दोनदा मोजली गेली. सकाळी ७ ला वाचणाऱ्यांच्या बाबतीत हेच उलटं होतं, एक थंड पहाट दोनदा मोजली जाते.

आता खरी गोष्ट. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली बरीच केंद्रं हळूहळू संध्याकाळच्या वाचनाकडून सकाळच्या वाचनाकडे गेली. म्हणजे जुन्या काळात गरम दुपारी दोनदा मोजल्या जाण्याची शक्यता जास्त, नव्या काळात थंड पहाटा. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून लाकडी पेटीतल्या काचेच्या तापमापकांच्या जागी इलेक्ट्रॉनिक उपकरणं आली. ती कमाल तापमान थोडं कमी दाखवतात आणि किमान थोडं जास्त. म्हणजे दोन्ही टोकांचे विक्रम करणं थोडं अवघड झालं. मासिक आणि वार्षिक सरासरी काढताना अशा बदलांची दुरुस्ती केली जाते. रोजच्या विक्रमांची मोजणी मात्र सहसा वहीत लिहिलेल्या मूळ आकड्यांवरच होते.

हा आक्षेप निबंधाच्या विरोधात जातो असं तुम्हाला वाटेल. नीट पाहिलं तर वाचनाच्या वेळेतला बदल नव्या काळात नीचांक वाढवणारा आहे. तो असूनही नीचांक घटले. म्हणजे निष्कर्षाची दिशा यानं कमजोर होत नाही, बळकटच होते. माझी तक्रार एवढीच की ही चर्चा आकड्याच्या शेजारी हवी होती. '२.०४' असा दोन दशांश स्थळांपर्यंतचा आकडा पाहिला की वाचकाला वाटतं, मोजमाप तितकं नेमकं आहे.

लाखांच्या आकड्यांबद्दलही एक सावधगिरी. २,९१,२३७ उच्चांक म्हणजे तेवढे स्वतंत्र पुरावे नव्हेत. एक मोठी उष्णतेची लाट चार राज्यांवर बसली की शेजारशेजारची शेकडो केंद्रं एकाच दिवशी उच्चांक नोंदवतात. गावात एकदाच वीज गेली आणि पाचशे घरांनी तक्रार केली, तर वीज पाचशे वेळा गेली असं आपण म्हणत नाही.

चारास एक, आणि तरी पन्नासास एक?

आता माझा सगळ्यात मोठा आक्षेप. निबंधाचा दुसरा भाग भविष्याबद्दल आहे. हवामानाच्या संगणकी प्रतिमानातून तेच प्रमाण काढलं आणि उत्सर्जनाचं एक मध्यम गृहीतक धरलं, तर शतकाच्या मध्याला ते २० : १ होईल आणि शतकाच्या अखेरीस साधारण ५० : १, असं निबंध म्हणतो.

पण त्याच सारांशात, त्याच्या अलीकडच्या वाक्यात, आणखी एक आकडा आहे. तेच प्रतिमान विसाव्या शतकाचं हवामान तयार करतं तेव्हा प्रमाण येतं सुमारे ४ : १. प्रत्यक्ष नोंदींत ते २ : १ आहे. कारणही दिलंय: प्रतिमानात सगळा देश सारखाच तापतो, प्रत्यक्षात तसं झालं नाही. आग्नेय आणि मधल्या भागात बराच काळ उन्हाळ्यातलं कमाल तापमान वाढलंच नाही, काही ठिकाणी उतरलं. तिथले संशोधक या पट्ट्याला तापमानवाढीतलं 'भोक' म्हणतात.

ज्या वजनकाट्यानं एक किलो साखर दोन किलो दाखवली, त्याच काट्यावर पुढच्या वर्षीचं पोतं आपण मोजणार का? मोजायचंच असेल तर आधी काटा दुरुस्त करू, किंवा निदान 'हा काटा जास्त दाखवतो' अशी पाटी लावू. लेखकांनी फरक लपवला नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण ५० : १ हा आकडा त्या पाटीशिवाय बाहेर पडला आणि बातम्यांत तसाच फिरला.

शिवाय भागाकाराची खोड इथे कळस गाठते. वरचंच गणित पुढे न्या. २० : १ म्हणजे दोनशेत १९० उच्चांक आणि १० नीचांक. ५० : १ म्हणजे १९६ उच्चांक आणि ४ नीचांक. ऐकायला अडीचपट, प्रत्यक्षात इकडचे सहा तिकडे गेले. खरोखरीच्या तापत्या जगात एकूण बेरीज तेवढीच राहणार नाही, ती वाढेल, हे मान्य. तरी मुद्दा उरतोच. नीचांक शून्याकडे सरकले की प्रमाण आकाशाला भिडतं आणि मग एखाददुसऱ्या थंडीच्या लाटेनं ते अर्ध्यावरही येऊ शकतं. जो आकडा इतका डळमळतो त्यावर धोरण कसं ठरवायचं?

सात वर्षांनी

इथे गोष्टीला एक वळण आहे, आणि ते मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. २०१६ साली मील आणि टेबाल्डी यांनीच, डेनिस ॲडम्स-स्मिथ यांच्यासह, अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात नवा निबंध लिहिला. यात त्यांनी नोंदी १९३० पासून २०१५ पर्यंतच्या घेतल्या. दोन डझन प्रतिमानं तपासली आणि स्पष्ट लिहिलं की प्रतिमानांत हे प्रमाण प्रत्यक्षापेक्षा जास्त येतं, मुख्यतः कारण त्यांत १९८० नंतरचे उच्चांक फार होतात. त्याचं एक कारण, प्रत्यक्षात १९३० चं दशक इतकं गरम होतं की नंतर उच्चांक करणं अवघड झालं. दुसरं कारण, प्रतिमानांत पाऊस आणि जमिनीतून होणारं बाष्पीभवन प्रत्यक्षापेक्षा कमी होत जातं.

मग त्यांनी प्रतिमानाचं भाकीत बाजूला ठेवून प्रत्यक्ष नोंदींतलंच नातं पुढे नेलं: सरासरी तापमान इतकं वाढलं तर प्रमाण कितीनं बदलतं? उत्तर आलं, अमेरिकेचं तापमान ३ अंशांनी वाढलं तर प्रमाण १५ च्या आसपास, आणि त्यात ८ इकडे किंवा तिकडे. म्हणजे ७ ते २३. पन्नास नव्हे.

स्वतःच्या गाजलेल्या आकड्याची दुरुस्ती स्वतःच, अनिश्चिततेचा पट्टा लावून छापणं सोपं नसतं. दुःख एवढंच की '५० : १' आजही सापडतं आणि '१५, अधिक-उणे ८' फारसं कुणी उद्धृत करत नाही. माझ्या स्लाइडवर तरी कुठे होतं?

या दुसऱ्या निबंधानंही भागाकार सोडला नाही, ही माझी उरलेली तक्रार. मला विचाराल तर दोन रकाने वेगळे छापावेत. एकात, हवामान स्थिर असतं तर अपेक्षित होते त्यापेक्षा उच्चांक किती जास्त झाले. दुसऱ्यात, अपेक्षेपेक्षा नीचांक किती कमी झाले. त्यातही उन्हाळा आणि हिवाळा वेगळा. चार आकडे होतील, मथळा बनणार नाही. पण वाचणाऱ्याला दिवस कुठे तापले आणि रात्रींचा गारवा कुठे हरवला, हे वेगवेगळं दिसेल.

तोवर उन्हाळ्यात 'विक्रमी तापमान' अशी बातमी वाचाल तेव्हा तीन गोष्टी विचारून बघा. विक्रम कधीपासूनचा, म्हणजे मागे किती वर्षं उभी आहेत? तो वर्षातल्या त्या तारखेचा आहे, त्या महिन्याचा, की आजवरच्या सगळ्या दिवसांचा? आणि त्याच रात्रीचं किमान तापमान किती होतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बातमीत बहुधा नसेल. हवामान खात्याच्या रोजच्या तक्त्यात ते शेजारच्याच रकान्यात असतं.

त्या शाळेला मी चिठ्ठी पाठवली आहे. "नाही, गरमी दुप्पट झालेली नाही," असं पहिल्याच ओळीत लिहिलं. "दिवसांचे उच्चांक होते त्यापेक्षा जास्त होतात, आणि रात्रींचे नीचांक त्याहून बरेच कमी झालेत. तुझा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकलं." पुढच्या वेळच्या स्लाइडवर दोन रकाने असतील.